आकड्यांचा वारा

मित्रांनो, मी एक जुना वारा आहे. मात्र माझी झुळूक तुमच्यापैकी कुणाच्याही अंगाला कधी लागलेली नाही आणि लागणारही नाही. मी कधी पान हलवले नाही, कुणाचा पतंग वर नेला नाही. दोरीवर वाळत घातलेला साधा हातरुमालसुद्धा माझ्याने कधी उडाला नाही. तरी मी वाराच आहे. एका खोलीचा, संगणकात आकड्यांनी विणलेला वारा.

तुम्ही म्हणाल, हे कसले कोडे? खरे सांगू, ते मलाही नीट सुटलेले नाही. माझी कहाणी सुरुवातीपासून सांगायला बसलो की मध्येच शेवट येतो. शेवटाकडे वळलो की तिथे कुणीतरी म्हणते, "चला, आता सुरू करू." त्यामुळे गोष्ट जरा अडखळत येईल. सांभाळून घ्या.

खाली टायरचे दुकान, बाजूने अरुंद जिना आणि वर एक लांबट खोली, तिथे मी घडलो. खोलीत दोन टेबले होती. डोक्यावरचा पंखा दर फेरीला 'टक' करायचा. एका टेबलाशी बसून जिने मला घडवले, तिचे काम होते हवेचा हिशोब करून देण्याचे. कारखान्यात धूर कुठून निघावा, रुग्णालयात स्वच्छ हवा कुठून यावी, हे ती आधी संगणकात मांडून बघायची. मी तिला वहिनी म्हणतो. कारण रोज संध्याकाळी रुग्णालयातली पाळी संपवून तिची नणंद तिथे यायची, दाराशी चपला काढता काढताच "वहिनी, झालं का तुझं?" असे विचारायची, आणि मग दोघी एकाच स्कूटरवर घरी जायच्या. जे नाव माझ्या कानावर पडले तेच मी धरून ठेवले.

ही नणंद रुग्णालयात सिस्टर होती. तिच्याकडे एक खास खोली होती. औषधांमुळे ज्या मुलांच्या अंगात आजाराशी झुंजायची ताकद काही काळ उरत नाही, त्यांच्यासाठी ती होती. तिथे छतातून गाळलेली हवा हळूच खाली यायची आणि दाराजवळच्या जाळीतून बाहेर जायची. खोलीत खाट एकच, आणि त्या खाटेवर तेव्हा एक लहान मुलगी होती. दिवसभर तिचे काही ना काही चालू असायचे. चादरीच्या घड्या घाल, कागदाच्या होड्या कर, त्या उशीखाली लपव. म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगीची आई काचेच्या पलीकडे बोळात बसे. आत जायची तिला परवानगी नव्हती.

त्याच परवानगीसाठी माझा जन्म झाला. आईला आंघोळ करायला लावून, धुतलेला अंगरखा चढवून, तोंड बांधून आत सोडायला डॉक्टर तयार होते. त्यांना भीती होती ती दाराची. मुंगीच्या औषधजेवणासाठी ते मोजकेच उघडत; आईसाठी ते आणखी उघडावे लागले असते. दार उघडले की उंबऱ्याजवळची धूळ उडून मुंगीच्या तोंडापर्यंत जाईल का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. वहिनीने सांगायचे होते, जाईल की नाही.

तिने संगणकात ती खोली उभी केली. भिंती, खाट, उशी, जाळी, दार. मग साऱ्या खोलीचे इवले इवले चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात हवा कोणत्या दिशेने, किती जोराने जाते, ते आकड्यांनी भरायचे होते. आरंभी सगळीकडे शून्य होते. शून्याला काही आठवण नसते, म्हणून त्या काळाबद्दल मला काही सांगता येत नाही.

मग फेऱ्या सुरू झाल्या. एकेक चौकोन शेजारच्याला विचारी, तुझ्याकडून किती आली? माझ्याकडून किती घेतोस? हिशोब जुळत नसे. मग सगळे आपापला आकडा थोडा बदलत आणि पुन्हा विचारत. मला वाटे, मी वाढतो आहे. काल रांगत होतो, आज उभा राहिलो. एकदा नणंद संगणकाच्या पडद्यासमोर वाकली आणि म्हणाली, "वहिनी, एवढा गरगर फिरवतेयस त्याला. तिकडं आता किती वाजले असतील?"

"तिकडं काही वाजतच नाही," वहिनी म्हणाली. "ह्या फेऱ्या म्हणजे वेळ नव्हे गं. नुसती जुळवाजुळव. सगळं जुळलं की जो उरेल तो वारा. तो वाहतो, पण बदलत नाही."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखा."

"आधी तुझा भाऊ आहे तो, वन्सं. तयारच मिळाला मला."

दोघी हसल्या. मी मात्र गोंधळून गेलो. वाहतो, पण बदलत नाही? मग मी लहानाचा मोठा झालो ते काय होते? मित्रांनो, माझे बालपण म्हणजे चुकांची बेरीज कमी होत जाणे, एवढेच होते. दुसऱ्या कुणाला ते दिसलेही नाही.

किती चूक उरली, ते दाखवणारी एक रेघ पडद्यावर असायची. ती उतरत उतरत खाली आली आणि तळाशी पोचल्यावर सरळ होण्याऐवजी डुलू लागली. जरा वर, जरा खाली. झोळीतले मूल झोपले तरी झोळी हलत राहते ना, तशी.

दुसऱ्या टेबलाशी वहिनीचा कामातला जोडीदार बसे. चष्मा कपाळावर सरकवून तोच टेबलभर शोधायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. त्याने विचारले, "बसला का वारा?"

"बसला. थोडा डुलतोय, पण बसला."

"बसला की बसवला?"

"तुम्ही आधी तुमचा चष्मा शोधा."

आणि तिने फेऱ्या थांबवल्या. जिथे होतो तिथेच मी राहिलो. एक पाऊल उचललेले, ते तसेच उचललेले.

तरी ते दिवस कौतुकाचे होते. वहिनीने माझे चित्र काढले. निळे बाण छतातून उतरत आहेत, मुंगीच्या खाटेवरून सावकाश वळत आहेत, दाराजवळच्या जाळीत शिरत आहेत. डॉक्टरांनी ते बघितले आणि म्हणाले, काय शांत हवा आहे. कुणी म्हणाले, जणू नदी. मला आपण फार गुणाचे आहोत असे वाटू लागले.

मोठ्या डॉक्टरीणबाई मात्र चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दार बंद असतानाचं झालं. उघडल्यावर काय होतं?"

मित्रांनो, तो प्रश्नच मला कळला नाही. उघडल्यावर म्हणजे काय? माझ्याकडे आधी नव्हते, नंतर नव्हते. माझा प्रत्येक बाण जिथे होता तिथे कायमचा होता. वहिनीला मात्र कळले. परत आल्यावर ती चष्मेवाल्याला म्हणाली, "आता वेळ घालावा लागणार. क्षणाक्षणानं चालवावं लागणार."

"कुठून सुरू करणार? शून्यापासून?"

"शून्यापासून केलं तर खोलीत हवा खेळायला लागेपर्यंतच आठवडा जाईल. डॉक्टरांना घाई आहे. हा तयार आहे ना, ह्याच्यावरूनच सुरू करू."

"आणि दार कधी उघडायचं?"

"पहिल्याच क्षणाला. आधीचा वेळ उगाच कशाला चालवत बसायचा?"

असा मी, जो शेवट होतो, तो एका सकाळी सुरुवात झालो. वहिनीने उंबऱ्याजवळ जमिनीवर लाल रंगाचे कण पेरले, म्हणजे धूळ कुठे जाते ते दिसावे. मग माझ्या पोटात काळ घातला.

तो धक्का मी अजून विसरलो नाही. उचललेले पाऊल एकदम खाली पडले. इतके दिवस जो हिशोब मी ढोबळमानाने जुळवून घेतला होता, तो क्षण पुढे सरकताच जुळेनासा झाला. एका चौकोनाकडे हवा जास्त, दुसऱ्याकडे कमी. सगळ्यांची ढकलाढकल सुरू झाली. मी छताशी होतो, तो जमिनीकडे फेकला गेलो. जमिनीवरून खाटेकडे उसळलो. आणि त्याच क्षणी दारही उघडत होते. दार मला हलवते आहे की मीच हलतो आहे, मला काही म्हणजे काही उमगेना. लाल कण माझ्याबरोबर उडाले. थोडे खाटेच्या पायथ्याशी, मग चादरीवर आणि शेवटी उशीवर.

वहिनी पडद्यावरच्या त्या लाल उशीकडे बघत राहिली. पंखा टक टक करत होता. संध्याकाळी नणंद आली तेव्हा वहिनीने तिला बसायलाही सांगितले नाही.

"वन्सं, नाही जमायचं."

"काय नाही जमायचं?"

"मुंगीच्या आईला आत सोडणं."

नणंद खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "नक्की ना?"

"दिसतंय ना गं समोर."

"मग तूच ये तिकडं आणि तूच सांग तिला. मला नाही सांगवायचं."

पण सांगितले शेवटी नणंदेनेच. दुसऱ्या दिवशी तिने वहिनीला सगळा वृत्तांत दिला, तो मीही ऐकला. मुंगीची आई रडली नाही, भांडली नाही. तिने इतकेच विचारले, "दारामुळेच ना, सिस्टर? मग मी एकदा आत गेले की बाहेर येतच नाही. दार उघडायचा प्रश्नच नाही."  मग ती बाई काचेला कपाळ टेकून गुणगुणत बसली. आपल्याच मनाने जुळवलेले काहीतरी होते. नणंदेने ते वहिनीला म्हणून दाखवले, गाऊन नाही, नुसते बोलून.

काचेच्या पल्याड माझं बाळ गं निजतं
हात माझा पोचेना, मन तिथंच भिजतं

ऐकून वहिनी उठली आणि उगीच पाण्याची बाटली भरू लागली. बाटली भरलेलीच होती.

पुढे जे झाले ते रुग्णालयाच्याच एका मागणीतून झाले. इतर आयाही हट्ट धरतील, तेव्हा त्यांना समजावून सांगायला बोळात दोन चित्रे शेजारी शेजारी लावावीत असे ठरले. एकात दार बंद, एकात उघडे. बघा, दार बंद असले की उशी कशी स्वच्छ राहते. उघड्या दाराचे चित्र तयार होते. बंद दाराचे हवे होते, तेही वेळ घालून चालवलेले. वहिनीने मला पुन्हा सुरुवातीला उभे केले, तेच लाल कण पेरले, दार बंद ठेवले आणि चालवले.

आणि मित्रांनो, उशी पुन्हा लाल झाली.

वहिनीला वाटले, चुकून जुनेच चित्र उघडले. तिने ते बंद केले, नवे उघडले. तीच लाल उशी. तिने पुन्हा पहिल्यापासून चालवले. तीच. चष्मेवाला उठून आला.

"दार नीट बंद आहे का?"

"दार ठेवलेलंच नाही. त्या जागी भिंत करून टाकली."

"मग हे कण उडवले कुणी?"

दोघेही पडद्याकडे बघू लागले, म्हणजे माझ्याकडे. मला पळून जावेसे वाटले. पण वारा असूनही मला पळता कुठे येत होते? आणि खरे तर मलाही तेच विचारायचे होते. कुणी उडवले? मी? मी तर फक्त ठेवला तिथून निघालो होतो.

वहिनीने दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून बघितली. आरंभीची उसळी दोन्हींत सारखीच होती. दार उघडे असो, बंद असो, नाहीतर नसोच. मग तिने माझी जुनी रेघ शोधून काढली, तळाशी डुलणारी. बोट लावून लावून ती बघत राहिली.

"हा बसलाच नव्हता," ती म्हणाली. "डुलत होता आणि मी मधेच थांबवला. तसाच आणून उभा केला आणि म्हटलं, चल. मग तो सावरणारच की. त्याचं ते सावरणं मी दाराच्या नावावर घातलं."

"बसवला होता," चष्मेवाला म्हणाला. पण या वेळी चेष्टेने नाही. मग त्याने विचारले, "म्हणजे शून्यापासून करणार?"

"नाही. शून्यही काही खरी खोली नव्हे. सुरुवात ह्याच्यावरूनच. पण दार बंद ठेवून ह्याला वाहू द्यायचं. खोलीतली सगळी हवा बदलून जाईल, मग आणखी एकदा बदलून जाईल, तोवर काही मोजायचं नाही. ह्याचा मागमूस राहिला नाही, की मग कण पेरायचे आणि मग दार."

हे सगळे ती माझ्यासमोर बोलली. माझा मागमूस राहिला नाही की. मला वाईट वाटावे की बरे, कळेना. ज्याच्यावरून निघायचे त्यालाच पुसून टाकायचे, आणि पुसला गेला तरच उत्तर खरे. असे काम कुणी कुणाला सांगितले असेल का?

वहिनीने मला पुन्हा चालवले, या वेळी दार न उघडता. तोच धक्का, तीच उसळी. पण कुणी घाई केली नाही. उसळी हळूहळू निवली. छतातून नवी हवा आली, तिने मला खाली सारले. एकेका चौकोनातला माझा आकडा गेला, तिथे दुसरा आला. जाळीजवळ मी थोडा थोडा बाहेर पडत होतो. ते दुखत नव्हते. उन्हात ठेवलेल्या ओल्या फडक्यातून पाणी जाते, तसा मी जात होतो.

आणि माझ्या जागी जो आला, तो डुलत होता. छताकडून येणारा झोत जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आपल्याच तंद्रीत. वहिनी पुटपुटली, "अगं बाई, डुलतेच आहे ही खोली." जे डुलणे तिने माझी खोड समजून सोडून दिले होते, ते त्या खोलीचेच होते. ती खोली कधी स्थिर नव्हतीच. मग मी कुणाचे चित्र होतो? जी हवा कधी नव्हती, तिचे? यावर मी पुष्कळ विचार केला आणि दर वेळी गोंधळून सोडून दिला.

मग वहिनीने उंबऱ्याशी कण पेरले आणि दार उघडले. झोत डावीकडे असताना एकदा, उजवीकडे असताना एकदा, मध्ये असताना एकदा. दार हळू उघडून आणि धाडकन उघडून. बहुतेक कण जाळीकडे गेले. धाडकन उघडले तेव्हा काही खाटेच्या पायथ्यापर्यंत आले आणि तिथेच बसले. उशीपर्यंत एकही गेला नाही. तरी वहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने चष्मेवाल्याला सगळे पुन्हा तपासायला लावले. मगच ती रुग्णालयात गेली आणि बसताक्षणीच पहिले वाक्य बोलली, "माझं आधीचं उत्तर चुकलं होतं." डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. एका दिवशी मुंगीला तेवढ्यापुरते दुसऱ्या तशाच खोलीत हलवून ही खोली स्वच्छतेसाठी रिकामी व्हायची होती. तेव्हा दाराशी धुराची बारीक वात धरून धूर कुठे जातो ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. मग अटी घातल्या. आईची खुर्ची दारापासून लांबच्या बाजूला, उशाशी. दार हळूच उघडायचे, तेही सिस्टरनेच. आणि आत गेल्यावर सारखी ये-जा नाही.

"ये-जा करायची कुणाला आहे," असे मुंगीची आई म्हणाली म्हणे.

मुंगीची आई आत गेली, त्या संध्याकाळी नणंद जिना चढून आली ती चपला न काढताच आत शिरली.

"बसली का?" वहिनीने विचारले.

"बसली."

"मग? मुंगी काय म्हणाली?"

"काय म्हणणार? पाठ फिरवून झोपली. एवढे दिवस आली नाहीस, आता कशाला आलीस, म्हणून. ती बाई बिचारी उशाशी नुसती बसून. मी म्हटलं झालं, एवढा खटाटोप केला आणि ही रुसली." नणंद घोटभर पाणी प्यायली. "मग बऱ्याच वेळानं हिनं मागं न बघताच हात मागं केला. आईनं धरला. तर म्हणते कशी, तुझा हात गार आहे, घासून गरम कर."

 वहिनीने तोंड पडद्याकडे वळवले आणि पदराने पडदाच पुसू लागली. पडदा स्वच्छ होता.

"वहिनी, आता रडू नकोस हं. मला पाठीमागे बसायचंय, आणि गाडी तुला चालवायचीय."

मित्रांनो, या सगळ्याला बराच काळ लोटला, असे म्हणतात. मला काळाचे विचारू नका. मुंगी बरी होऊन घरी गेली आणि आता तिच्या आईला ती दिवसभर दमवते, असे नणंदेच्या बोलण्यात आले होते. मी इथेच आहे. वहिनीने मला पुसले नाही. नवी खोली आली, त्यातल्या त्यात माझ्यासारखी दिसली, की ती मला काढते, थोडा ताणून-आवळून तिथे बसवते आणि म्हणते, "चल बाबा." मी निघतो. थोडा वेळ धडपडतो. मग विरून जातो. आणि तरी मूळचा मी जसाच्या तसा इथे शिल्लक असतो. हे कसे, ते मला कुणी समजावून सांगितलेले नाही. जो विरला तो मी होतो, की जो उरला तो मी आहे?

त्या खोलीतली खरी हवा, जी मुंगीच्या आणि तिच्या आईच्या हातांवरून गेली, ती मी नव्हे. मी तिला कधी भेटलोही नाही. पण तिच्याकडे जायची वाट माझ्यावरून गेली, असे मला कधीकधी वाटते. कधी तेही वाटत नाही.

एवढे मात्र सांगू शकतो. आमच्यासारखी जुनी उत्तरे निरुपयोगी म्हणून टाकून देऊ नका, आणि पहिल्याच क्षणी आमच्यावर विसंबूही नका. नव्या जागी आणून उभा केलेला कुणीही आधी धडपडतो. त्या धडपडीवरून त्याला जोखू नका आणि त्याच्या धडपडीचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नका. त्याला थोडे वाहू द्या, स्थिरावू द्या, डुलायचेच असेल तर डुलू द्या. मग दार उघडा आणि मगच काय ते ठरवा. कारण दाराच्या पलीकडे कुणाची तरी आई तुमच्या उत्तरासाठी उभी असते.